झडप बंद असताना

लेझरच्या वाटेतली झडप बंद होती, तरीही पडद्यावर ठिपका दिसत होता.

उजेडबाईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ठिपका जागचा हलला नव्हता. फिकट हिरवा, मुगाएवढा, पडद्याच्या मध्यापासून जरा डावीकडे. ती उठून शेजारच्या खोलीत गेली आणि झडप खरंच बंद आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आली. पत्रा लेझरच्या वाटेत नीट आडवा उभा होता. तिने त्याच्यापुढे एक काळा पुठ्ठाही टेकवला. परत येऊन पाहिलं, तर ठिपका तसाच.

लेझरच्या खोलीचा सगळा कारभार तिच्याकडे, म्हणून प्रयोगशाळेत तिचं नाव उजेडबाई पडलं होतं. काम सांगायला सोपं होतं. अतिनील प्रकाशाचा एक अगदी छोटा ठोका एका चकतीवर मारायचा. चकतीवर धातूचा पातळ लेप असतो. प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन उडतात आणि तीन लाख व्होल्टचा दाब त्यांना पुढे खेचून नेतो. प्रकाश जेवढा वेळ, तेवढाच वेळ इलेक्ट्रॉन. एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्यापेक्षाही कमी वेळात हा सगळा खेळ आटपतो. इतका छोटा झोत स्फटिकावर सोडला की आतले अणू हलताना टिपता येतात. सगळी इमारत एकाच गोष्टीवर उभी होती: प्रकाश असेल तर इलेक्ट्रॉन, नसेल तर नाहीत.

आणि आता प्रकाश नव्हता.

तिने भाऊंना बोलावलं. भाऊ म्हणजे तिचे सासरे. ते इथे छत्तीस वर्षं निर्वात नळ्या जोडत, झाळत आणि त्यांतली हवा उपसत आले होते. निवृत्तीला सात महिने उरले होते. घरी ती त्यांना बाबा म्हणायची, इथे सगळ्यांसारखं भाऊ. "सून उजेड पाडते, मी पोकळी निर्माण करतो," असं ते नव्या माणसाला सांगत, आणि वर म्हणत, "श्रद्धांजलीत म्हणतात तशी. कधी भरून न निघणारी."

भाऊंनी हात पाठीमागे बांधून, वाकून बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"हे न बोलावता आलेले पाहुणे," ते म्हणाले.

"कुठून?"

"चकतीवरच काहीतरी असणार. कुसळ म्हण, कण म्हण. एवढ्या दाबाखाली कुठे बारीकसं टोक राहिलं, की तिथून इलेक्ट्रॉन आपणहून सुटतात. तुझ्या उजेडाची वाट बघत नाहीत."

"म्हणजे उघडावं लागेल."

"उघडायचं, चकती बदलायची, बंद करायचं, हवा उपसायची, सगळं नळकांडं तापवत ठेवायचं. तीन आठवडे धरून चाल."

उजेडबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बावीस दिवसांनी तज्ज्ञांची समिती येणार होती. ही प्रयोगशाळा पुढे चालू ठेवायची की नाही, ते ती ठरवणार होती.

तिला सोबत घेऊन भाऊंनी ती गोष्ट त्याच दुपारी सरांच्या कानावर घातली. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. विद्यार्थी म्हणून आले तेव्हा बोल्ट कुठून कसा आवळत जायचा, हे त्यांना भाऊंनीच शिकवलं होतं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, थोडे पाहुणे सगळ्यांच्याच घरी येतात," सर म्हणाले. "जगात असं एक यंत्र दाखवा, ज्यात हा काळोखातला प्रवाह शून्य आहे."

"थोडे असतील तर प्रश्न नाही. वाढतात की काय, ते बघायला हवं."

"बघू या की."

सर खोटं बोलत नव्हते. थोडा प्रवाह असतोच. उजेडबाईलाही ते ठाऊक होतं, म्हणून तिनेही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अलार्म वाजला. भाऊंचं वर्कशॉप यंत्राच्या खोलीला लागूनच होतं, मध्ये एक जाड भिंत. त्या भिंतीवर किरण मोजणारा डबा बसवलेला होता. सुटलेले इलेक्ट्रॉन धातूवर आपटले की क्ष-किरण निघतात. ते पलीकडे प्रमाणाबाहेर आले, तर हा डबा ओरडायचा आणि यंत्राचा दाब आपोआप उतरायचा. त्या दिवशी तो दोनदा ओरडला. पुढच्या दिवशी पाच वेळा. दाब पुन्हा चढवायला दर वेळी तास जायचा. काम ठप्प झालं.

तिसऱ्या दिवशी सर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मागच्या वेळी आठवतंय? महिनाभर वाजत होता, आणि शेवटी निघाली क्रेनची मोटर."

तिला आठवत होतं. ती मोटर तिनेच शोधून काढली होती. विजेच्या खडखडाटाला डबा किरण समजायचा.

"लेझरचा ठोका सेकंदाला हजार वेळा पडतो," सर म्हणाले. "डब्याला सांग, ठोक्याच्या आसपासच मोज. शंभरातला एक हिस्सा वेळ. इलेक्ट्रॉन असतात ते तेव्हाच. उरलेल्या वेळात येतो तो सगळा कचरा."

"आणि तो ठिपका, सर?"

"केवढा आहे ठिपका?"

"मुगाएवढा."

"समिती गेली की दुसऱ्या दिवशी उघडू. माझा शब्द."

तिला माहीत होतं. नंतर चौकशीत तिने हेच लिहून दिलं, की मला माहीत होतं. काळोखात सुटणारे इलेक्ट्रॉन ठोक्याची वेळ पाळत नाहीत. ते सगळा वेळ सुटत राहतात. डब्याने शंभरातला एकच हिस्सा मोजला, तर तो त्यांचा शंभरावा भागच दाखवणार. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात क्रेनची मोटर होती, बावीसातले उरलेले एकोणीस दिवस होते, आणि लेझरच्या खोलीतली चार माणसं होती, ज्यांची नोकरी समितीच्या एका कागदावर अवलंबून होती. डब्याच्या प्रोग्रॅममध्ये एकच ओळ लिहायची होती. दहा मिनिटं लागली.

अलार्म थांबला. डब्यावरचा दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज तिला पुढे सगळ्यात जास्त वाटली.

काम झपाट्याने सुरू झालं. समितीला बाहेरच्या दालनात मोठ्या पडद्यावर थेट चित्र दाखवायचं, असं सरांच्या मनात आलं. त्यासाठी कॅमेऱ्याची केबल वर्कशॉपमधून न्यायची ठरली. भिंतीत जुनं भोक होतं, शिशाच्या विटांनी बुजवलेलं. कामगारांनी चार विटा काढल्या, केबल ओवली आणि विटा भाऊंच्या बाकाखाली रचून ठेवल्या. भोक बाकाच्या डावीकडे होतं, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर.

"विटा केव्हा बसवणार?" भाऊंनी विचारलं.

"केबल पक्की झाली की," कामगार म्हणाले.

केबल रोज बदलत होती. भाऊ सकाळी आले की आधी डब्याकडे पाहत. दिवा हिरवा असे. मग ते अंगावर किती किरण पडले ते नोंदवणारी पट्टी छातीवर लावत, चष्मा चढवत आणि बाकाशी बसत. समितीसाठी नवा नमुना धरणारा एक नाजूक हात ते घडवत होते; रोज सहा तास त्याच जागी. डब्याचं सगळं काम आपली सून बघते, हे त्यांना माहीत होतं.

ठिपका वाढत होता. मुगाचा हरभरा झाला, हरभऱ्याला बारीक शेपूट फुटलं. उजेडबाईने झडप बंद करून पाहणंच सोडून दिलं. लेझर चालू असताना खरा झोत इतका तेजस्वी असे, की त्याच्या बाजूचं काही दिसत नसे. कधी संध्याकाळी यंत्र बंद करताना, झडप आधी पडायची आणि दाब नंतर उतरायचा. मधल्या त्या दोन-तीन सेकंदांत ते हिरवं शेपूट पडद्यावर एकटंच उरायचं. तेवढ्यात ती पर्स आवरायची.

समिती यायच्या आदल्या संध्याकाळी घरी सगळे जेवायला बसले होते. सासूबाई वाढता वाढता मुलाला म्हणाल्या,

"अरे, यांचा फोन एकदा दुकानात दाखवून आण."

"काय झालं त्याला?" उजेडबाईच्या नवऱ्याने विचारलं. तो शाळेत शिकवायचा. घरातल्या सगळ्या बिघडलेल्या वस्तू शेवटी त्याच्याकडे यायच्या.

"यांनी दुपारी गोळी घेतली का ते बघायला मी व्हिडिओ कॉल लावते ना, तर यांच्या तोंडावर नुसत्या मुंग्या. पांढऱ्या. जुन्या टीव्हीवर यायच्या तशा."

"नेटवर्क नसेल."

"नेटवर्क गेलं की चित्र अडकतं. हे अडकत नाही. बोलतात छान, आणि वरून मुंग्या चमचमतात. दोन आठवडे झाले."

भाऊ हसले. "गोळी घेतली की नाही ते दिसतंय ना? मग झालं."

"घरी आणला की बरा असतो मेला," सासूबाई म्हणाल्या. "हा बघ, आत्ता कसा स्वच्छ आहे."

उजेडबाईचा हात ताटातच थांबला. कॅमेऱ्याच्या आतल्या चिपवर क्ष-किरण आपटले की पांढरे ठिपके उमटतात. हे तिने विद्यार्थ्यांना शिकवलं होतं.

"बाबा, दुपारी फोन कुठे असतो तुमचा?"

"बाकावर. डाव्या अंगाला, जेवणाच्या डब्याला टेकवून ठेवतो. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली.

ती 'काही नाही' का म्हणाली, याचं उत्तर तिला कधीच देता आलं नाही. यंत्र त्या वेळी बंद होतं, रात्रीत कुणाला धोका नव्हता, आणि सकाळी मोजून बघू, खात्री करू, मग बोलू, असं तिने स्वतःला समजावलं. झोप लागली नाही.

सकाळी नऊला ती पोचली, तर यंत्र चालू होतं. सर सातलाच येऊन दाब चढवून बसले होते. भाऊही लवकर आले होते आणि बाकाशी वाकून शेवटचा स्क्रू आवळत होते. तिने लेझरची झडप बंद केली, तिची किल्ली खिशात टाकली, कपाटातलं हातात धरायचं मीटर काढलं आणि वर्कशॉपच्या दारातच चालू केलं.

दारात काटा थोडा हलला. दोन पावलं पुढे गेल्यावर तो शेवटाला जाऊन टेकला. तिने बटण फिरवून दहापटीवर नेलं. बाकाजवळ पुन्हा तो शेवटाला टेकला. आणखी दहापट. आता तो मध्यावर थांबला आणि थरथरत राहिला. तिने मीटर भिंतीलगत हळूहळू सरकवलं. भोकासमोर काटा चढे, मीटर बाजूला नेलं की उतरे. भोकासमोर भाऊंचा डावा खांदा होता.

"बाबा, उठा," ती म्हणाली.

इथे तिने त्यांना कधी बाबा म्हटलं नव्हतं. भाऊंनी वर पाहिलं. मग मीटरकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या डब्याकडे, ज्याचा दिवा हिरवा होता.

"दिवा तर..."

"उठा आधी. बाहेर चला."

त्यांना बाहेरच्या अंगणात बसवून ती सरांना शोधत गेली. समितीचे पाच जण सरांच्या केबिनमध्ये चहा घेत होते. सर तिच्या चेहऱ्याकडे बघून बाहेर आले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. तिने आकडा सांगितला.  सरांनी भिंतीला हात टेकवला.

"भाऊ कुठेत?"

"बाहेर."

"घरी पाठव. नाही, डॉक्टरकडे पाठव. वर्कशॉपला कुलूप घाल, विटा बसवून घे." ते भराभर, पण अगदी हळू आवाजात बोलत होते. "दोन तास फक्त. दोन तासांत हे लोक जातील. मग यंत्र मी माझ्या हाताने बंद करतो."

"सर, यंत्र आत्ता बंद करायला हवं."

"आता त्या खोलीत कुणी नाहीये ना? मग दोन तासांत काय बिघडणार आहे? तूच सांग."

 त्यांचं म्हणणं बिनचूक होतं. कुलूप घातलं, विटा बसवल्या, तर दोन तासांत कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला तो त्यामुळेच. एकोणीस दिवसांपूर्वीचं बोलणंही असंच बिनचूक होतं.

"बघते," ती म्हणाली.

ती नियंत्रण कक्षात गेली, खुर्चीत बसली आणि स्वतः लिहिलेली ती ओळ शोधली. यंत्र तात्काळ बंद करणारं लाल बटण हाताशीच होतं, पण त्याला तिने हात लावला नाही. ओळ पुसली.

डब्याला पुन्हा सगळा वेळ ऐकू यायला लागलं. दोन सेकंदही गेले नसतील. वर्कशॉपमधून अलार्म सुरू झाला, लांबलचक, एका सुरात. यंत्राची घरघर खाली खाली येत बंद पडली. बाहेरच्या दालनातला मोठा पडदा काळा झाला. केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी सौम्यपणे विचारलं, "हे काय वाजतंय?"

भाऊंची पट्टी तपासायला पाठवली, तिचा निकाल पाचव्या दिवशी आला. माणसाला पंधरा वर्षांत जेवढं घ्यायची परवानगी असते, तेवढं त्यांनी एकोणीस दिवसांत घेतलं होतं. डाव्या खांद्याचा हिशेब वेगळा, तो कुणालाच नीट मांडता येईना.

चौकशी झाली. सरांनी लेखी दिलं की कल्पना माझी होती. त्यांच्याकडून कुणाला ती अपेक्षा नव्हती. उजेडबाईने लेखी दिलं की ओळ माझी होती आणि ती काय करते हे मला कळत होतं. सरांचं प्रमुखपद गेलं. तिला वर्षभर यंत्राला हात लावायची बंदी झाली. समितीने प्रयोगशाळा बंद केली नाही; सहा महिन्यांची मुदत दिली. यंत्र उघडलं, तेव्हा चकतीच्या कडेला एक वितळून चिकटलेला कण निघाला. तो कुठून आला, ते कुणालाही सांगता आलं नाही. पुढे भाऊ उरलेले महिने कार्यालयात वह्या आणि पाकिटं वाटत बसले.

पण त्याआधी, पट्टीचा निकाल आला त्या दिवशी, ती त्यांना रक्त तपासायला घेऊन गेली होती. दवाखान्याच्या बोळात दोघं बाकड्यावर बसली. भाऊंनी कोपरात कापूस दाबून धरला होता.

"दिवा हिरवा होता," ते म्हणाले. "मी रोज बघत होतो. एक दिवस चुकवला नाही."

"हो."

"मग?"

"डबा बहुतेक वेळ झोपवलेला होता, बाबा. मी झोपवला होता. ती ओळ मी लिहिली."

 भाऊंनी कापूस काढून पाहिला, रक्त थांबलं होतं. बाही खाली घेतली, बटण लावलं. बटण दोनदा सुटलं.

"मला विचारलं असतंस तर?"

"तर तुम्ही लिहू दिली नसती."

"म्हणून विचारलं नाहीस."

तिने मान खाली घातली.  बसमध्ये भाऊंनी तिला खिडकीची जागा दिली, नेहमीसारखी, आणि स्वतः उभे राहिले. शेजारची जागा रिकामी होती.

घरी नवऱ्याला तिने त्याच रात्री सांगितलं. त्याने एकच विचारलं, "आईला?" सासूबाईंना भाऊंनी आधीच सांगून टाकलं होतं: यंत्रात दोष निघाला, सुनेने वेळेवर ओळखला. सासूबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "तू होतीस म्हणून हा माणूस घरी आला," त्या म्हणाल्या. भाऊ आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं आणि त्यांना ऐकू येत होतं. ते बाहेर आले नाहीत. तिने आपले हात तसेच धरू दिले.

पहिली तपासणी ठीक आली. तीन महिन्यांनी दुसरी झाली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, मागचा काढून शेजारी ठेवला आणि पेनाने एका आकड्याखाली रेघ मारली.

"पांढऱ्या पेशी थोड्या कमी दिसतात," त्या म्हणाल्या. "वयानेही होतं. मध्ये ताप-बिप आला होता का?"

"नाही," भाऊ म्हणाले.

"त्या किरणांमुळे असेल का?" उजेडबाईने विचारलं.

"असेल. नसेलही. एका आकड्यावरून सांगता येत नाही." डॉक्टरांनी कागद परत दिला. "आता तीन महिने थांबू नका. पुढच्या महिन्यात या. आणि त्यानंतरही दर महिन्याला."

"किती दिवस?"

"ते आत्ता नाही सांगता यायचं."

भाऊंनी कागद हातात घेतला, पण त्यांनी चष्मा आणला नव्हता. त्यांनी तो तिच्यापुढे धरला.

"वाच," ते म्हणाले. "आणि जे लिहिलंय तेच वाच."

तिने वाचायला सुरुवात केली.